नायाब नाही, पण शुद्ध मिळणे मुश्किल

मोशीतल्या कितीतरी घरांत महिन्याचा हिशोब कंपनीच्या शिफ्टवर चालतो. कुणाचे अब्बा चाकणला, कुणाचा भाऊ आकुर्डीला, कुणी भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये. कंपनीची लाइन चालू असेल तर हजेरी भरते, ओव्हरटाइम मिळतो. लाइन थांबली की ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलाला सर्वांत आधी ‘उद्या येऊ नको’ असे सांगितले जाते.

२०२५ च्या उन्हाळ्यात अशी धास्ती आपल्या भागात आली आणि तिचे कारण होते चुंबक. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्यापासून बनणारी चुंबके परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध घातले. परवाने लवकर मिळेनात. आकुर्डीत बनणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन ऑगस्टमध्ये शून्यावर येऊ शकते, असा इशारा बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैमध्ये दिला. पुढे उत्पादन पुन्हा सुरू झाले, पण एक लहानसा सुटा भाग किती घरांची चूल अडवू शकतो, हे सगळ्यांना दिसले.

त्या चुंबकात असे काय असते? आपण उर्दूत ज्याला मिकनातीस म्हणतो, त्याचा आजचा सर्वांत ताकदवान प्रकार निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून बनतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत तो स्वतंत्रपणे शोधला गेला. त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दुर्मिळ मृदा धातूंचा असतो. मात्र त्याची एक कमजोरी आहे: तापला की त्याची पकड ढिली होते. चढावर दोन माणसे बसवून पळणाऱ्या स्कूटरची मोटर तर तापणारच. म्हणून त्यात शेकडा काही टक्के डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. मग चुंबक उष्णतेतही टिकून राहते.

डिस्प्रोसियम हा चांदीसारखा चकचकीत धातू आहे. चाकूने कापता येईल इतका मऊ, पण वितळायला सुमारे १४१२ अंश सेल्सिअस तापमान लागते. १८८६ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रां यांनी तो ओळखला आणि नाव ठेवले ग्रीक भाषेतले. अर्थ, ‘हाती लागायला कठीण’.

इथे शब्दांकडे जरा लक्ष देऊ. उर्दूत ‘नायाब’ म्हणजे जे मिळतच नाही आणि ‘कमयाब’ म्हणजे जे थोडे मिळते. हे धातू नायाब नाहीतच. पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे आणि डिस्प्रोसियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त. कमयाब आहे ती त्यांची शुद्धता.

कारण हे सतरा धातू सख्ख्या भावंडांसारखे आहेत. एकाच दगडात, एकाच वाळूत मिसळून राहतात आणि रसायनांशी जवळजवळ सारखेच वागतात. एकाला दुसऱ्यापासून वेगळे करायचे तर आम्ल आणि द्रावकांच्या टाक्यांतून तेच मिश्रण शेकडो वेळा फिरवावे लागते. दर वेळी किंचित फरक पडतो. त्यातून पांढरट भुकटी, म्हणजे ऑक्साइड मिळते. त्यापासून फ्लोराइड, मग हवा लागू न देता कॅल्शियमबरोबर तापवून धातू. शेवटी निर्वातात शुद्धीकरण. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के यांतला फरक कागदावर एका टक्क्याहूनही कमी दिसतो. पण पहिल्यात दहा पट जास्त भेसळ असते, हे आठवीच्या मुलालाही काढता येईल. ओळख पटली १८८६ मध्ये. बऱ्यापैकी शुद्ध डिस्प्रोसियम हाती आले १९५० च्या दशकात, अमेरिकेत फ्रँक स्पेडिंग यांच्या प्रयोगशाळेतल्या नव्या पद्धतीनंतर.

चीनची पकड याच कामावर आहे. शुद्धीकरण आणि चुंबकनिर्मिती यांतला जगाचा जवळपास नव्वद टक्के हिस्सा त्याच्याकडे आहे. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे. १९५० मध्ये स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली सरकारी आयआरईएल कंपनी ती हाताळते. या वाळूत निओडिमियम मिळते, पण डिस्प्रोसियम, टर्बियम फारच थोडे. शिवाय तिच्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने कामाला कडक बंधने आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात वर्षाला ६,००० टन चुंबके बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाना उभा करायला पैसा लागतो. तो चालवायला हात आणि डोके लागते.

म्हणून दहावी-बारावीच्या मुला-मुलींच्या अम्मी-अब्बांना आमचे सांगणे आहे. ‘केमिस्ट्री घेऊन काय होणार?’ हा प्रश्न आता जपून विचारा. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, केमिकलचा डिप्लोमा, आयटीआयमधला प्रयोगशाळेशी जोडलेला ट्रेड, या वाटांची चौकशी करा. मुलगी हुशार असेल तर तिची आधी करा. गाडी जोडणाऱ्या हातांची इज्जत आहेच. पण धातू शुद्ध करणारे हात आपल्याकडे कमी आहेत, आणि जे कमी असते त्याला किंमत येते.

घरातही एक काम आहे. जुना हार्ड डिस्क, बिघडलेले इअरफोन, बंद मोबाइल यांत हीच चुंबके असतात. ती घंटागाडीत टाकली तर मोशीच्या डेपोत ओल्या-सुक्या कचऱ्यात हरवून जातात. ई-कचरा वेगळा ठेवा आणि अधिकृत संकलनातच द्या. घरी फोडत बसू नका. मोबाइलची बॅटरी पेट घेऊ शकते आणि लहान चुंबके बाळाच्या पोटात गेली तर आतडी चिमटून जिवावर बेतते.