काथाचं नाव प्रयोगशाळेत, कातकरी वीटभट्टीवर

ग्रीन टीच्या डब्यावर 'कॅटेचिन' हा शब्द तुम्ही वाचला असेल. अँटिऑक्सिडंट म्हणून त्याची जोरात जाहिरात चालते. हा शब्द आला 'कॅटेचू'वरून, म्हणजे काथावरून. खैराचं लाकूड उकळून काथ काढायचा हे काम पिढ्यानपिढ्या केलं कातकऱ्यांनी. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर राहणाऱ्या या आदिवासी जमातीचं नावच काथावरून पडलं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि खैराला हात लावणारा कातकरी चोर ठरला. काथातल्या संयुगाला रसायनशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळाली. कातकरी आजही उचल घेऊन वीटभट्टीवर जातो.

मित्रांनो, हा योगायोग नाही. ज्ञान कुणाचं मानायचं, हे इथे जात पाहून ठरत आलं आहे.

औषधी वनस्पतींवरचं संशोधन कसं चालतं ते पाहा. पाला-साल वाळवायची, अर्क काढायचा, जिवाणू वाढवलेल्या बशीत टाकून त्यांची वाढ थांबते का ते बघायचं. मग अर्कातून एकेक संयुग वेगळं करायचं. हे कष्टाचं काम आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण जंगलातल्या शेकडो झाडांपैकी नेमकी कुड्याचीच साल हगवणीसाठी का तपासावी, हे कुणी सांगितलं? ती पहिली चाळणी वाड्यावरच्या माणसांनी केलेली असते. शोधनिबंधात मात्र त्यांची नोंद 'स्थानिक लोक' एवढीच. ना नाव, ना हिस्सा.

याचा अर्थ जडीबुटी म्हणजे अमृत, असं आम्ही म्हणत नाही. बशीत जिवाणू मेला म्हणजे माणूस बरा होतो असं नाही. साप चावला तर भगताकडे नव्हे, दवाखान्यातच जायचं. आणि तिथे लस आणि डॉक्टर दोन्ही हवेत, यासाठी भांडायचं. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली, वनौषधींची पूजा नाही. पण चिकित्सा वनस्पतीची करायची तशी कायद्याचीही करायची.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने वनस्पती वापरणाऱ्या कंपन्यांनी नफ्यातला वाटा स्थानिकांना द्यावा, हे तत्त्व आणलं. डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही तो द्यावा लागेल, असं स्पष्ट केलं. मग २०२३ ची दुरुस्ती आली आणि 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' वापरणाऱ्यांना सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे काय? १९४० च्या औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ आहेत, त्यांतलं.

आता सांगा, ग्रंथ कुणाचे? ज्या व्यवस्थेने शिक्षण मूठभरांच्या हाती ठेवलं, तिच्याच पोथीत आलं ते ज्ञान अधिकृत. ज्यांना पाटीही मिळाली नाही, त्यांचं ज्ञान तोंडी, म्हणून बेवारस. गुळवेल ग्रंथात आहे, एवढं बोट दाखवून कंपनीला मोकळं होता येतं. ती गुळवेल डोंगरातून उतरवणारी बाई ग्रंथात नाही.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल गोळा करून, वाळवून विकली. २०२१ मध्ये त्यांना बड्या औषध कंपन्यांकडून ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची मागणी मिळाली. त्या तरुणांना आमचा मनापासून जय भीम. पण भागाकार करा. किलोला साधारण ४५ रुपये, त्यातच मजुरी आणि वाहतूक. गोळी, काढा, पेटंट, नफा, सगळं पुढच्या दारी. केरळच्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपाचा वनस्पतीपासून 'जीवनी' हे औषध निघालं, तेव्हा परवाना शुल्क आणि २ टक्के रॉयल्टीतला अर्धा हिस्सा त्यांच्या ट्रस्टला देण्याचं ठरलं होतं. म्हणजे वाटा देता येतो. द्यायचा आहे की नाही, हाच प्रश्न आहे.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देतो. २००६ चा वनहक्क कायदा तर जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा सामूहिक हक्कही मान्य करतो. हे कागद कपाटात ठेवण्यासाठी नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं असं. प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही मागा, उघडून वाचा, त्यात सांगणाऱ्या बाईचं आणि वाडीचं नाव आहे का बघा. सामूहिक वनहक्काचे दावे टाका. नमुने न्यायला येणाऱ्या संशोधकाला ग्रामसभेसमोर बसवा. काय नेतो, निष्कर्ष काय निघाले, हिस्सा किती, हे मराठीत लिहून द्यायला लावा. आणि आपल्यातली जी मुलं-मुली रसायनशास्त्रात एमएस्सी करताहेत, त्यांनी पहिला प्रबंध लिहिताना वाडीचं ऋण पहिल्या पानावर लिहावं. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांचं ज्ञान लिहून काढणं, हे आपलंच काम आहे.

जय भीम! जय आदिवासी!