कुर्तुबा की गरनाता?

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त माद्रिदला गेला, तिथं स्थिरावला, आणि मग त्याचा एकच धोशा सुरू झाला: अम्मींना घेऊन या. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. अम्मी, आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. माद्रिदच्या मुक्कामातले तीन दिवस बाहेर फिरायला काढले. स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया, आणि तिथं दोन शहरं आपल्या माणसाला खुणावतात. एक कॉर्डोबा, म्हणजे उर्दूतलं कुर्तुबा. दुसरं ग्रॅनाडा, म्हणजे गरनाता. भाऊ म्हणाला, दोन्ही करू, रेल्वे आहे. पण अम्मींचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. रोज बॅग भरायची आणि रोज नवी खोली, हे त्यांना झेपलं नसतं. एकच शहर, एकच खोली. कोणतं, एवढंच ठरवायचं राहिलं, आणि त्यातच पंधरा दिवस गेले.

आमचं मत कुर्तुब्याला होतं. कारण अब्बा. मरहूम अब्बांनी तीस वर्षं शाळेत उर्दू शिकवली. अल्लामा इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याला गेले, तिथल्या मशिदीत त्यांनी नमाज अदा केली आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म लिहिली. ‘बाल-ए-जिब्रील’मधली ही नज्म म्हणताना अब्बा पुस्तक मिटून ठेवत. ती मशीद पाहायची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. शिक्षकाच्या पगारात अशा इच्छा बोलायच्या नसतात.

अम्मींनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला: तिथं नमाज होते का?

होत नाही. १२३६ साली कुर्तुबा कॅस्टिलच्या तिसऱ्या फर्डिनांडच्या ताब्यात गेलं, तेव्हापासून ती इमारत चर्च आहे. सोळाव्या शतकात खांबांच्या मधोमध मोठं कॅथेड्रल उभं केलं गेलं. आज तिथं मुसलमानांना नमाज पढायची परवानगी नाही. कुणी सुरू केलीच तर पहारेकरी थांबवतात. स्पेनमधल्या मुसलमानांनी रीतसर परवानगी मागून पाहिली, ती नाकारली गेली.

अम्मी शांतपणे म्हणाल्या, “सजदा नै कर सकते, तो जाके क्या करना?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून गरनात्याची माहिती काढली. तिथं अल्बाइसिन या जुन्या मोहल्ल्यात २००३ साली नवी मशीद उघडली. समोरच्या टेकडीवर अल्हम्रा दिसतो, आणि मशिदीची बाग पाहायला बिगरमुस्लिम प्रवासीही येतात. जिथून १४९२ च्या जानेवारीत शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह किल्ल्या सोपवून निघाला, त्या शहरात आज पुन्हा अजान होते. हे ऐकून अम्मींचा चेहरा खुलला.

अल्हम्राचं तर काय सांगावं! तेराव्या शतकात नस्री घराण्यानं बांधायला घेतलेला हा किल्ला आणि महाल. भिंतीभिंतीवर ‘वला गालिब इल्लल्लाह’ कोरलेलं, म्हणजे अल्लाहखेरीज कुणी विजयी नाही. दूरच्या नदीचं पाणी कालव्यानं डोंगरावर आणून कारंज्यांत खेळवलेलं. औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्या माणसाला या कारागिरीची किंमत लगेच कळते. मुलाचं मत अर्थातच गरनात्याला पडलं.

मग गुडघे आडवे आले. अल्हम्रा नीट पाहायचा तर तीन तास चालणं आलं. अल्बाइसिन म्हणजे गोट्यांच्या फरसबंदीचे उभे चढ. म्हणजे जिथं नमाज पढता येते, तिथवर अम्मींना चढणं कठीण. आणि कुर्तुबा सपाट, सावलीच्या गल्ल्यांचं, पण तिथं नमाज नाही. त्यातून अल्हम्राची तिकिटं पासपोर्टवरच्या नावानं, नस्री महालात शिरायची वेळ ठरलेली. ती चुकली की आत सोडत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला घड्याळ दाखवत पळवायचं, हे आम्हाला पटेना.

या पंधरा दिवसांत मुलाला आम्ही इतिहासही सांगत होतो, आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली. या दोन्ही शहरांत पुस्तकं जाळली गेली. गरनाता सोपवताना झालेल्या करारात मुसलमानांना त्यांचा दीन पाळू देण्याचं वचन होतं. ते काही वर्षांतच मोडलं आणि कार्डिनल सिस्नेरोसनं अरबी पुस्तकांची होळी केली. पण कुर्तुब्यात त्याच्या पाचशे वर्षं आधी खलिफा दुसरा हकम यानं प्रेमानं जमवलेल्या ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तकं आपल्याच अल-मन्सूरनं, उलेमांना खूश करायला जाळली. इब्न रुश्द कुर्तुब्यातच ११२६ साली जन्मला. त्याला म्हातारपणी हद्दपार करून त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम देणारा खलिफाही मुसलमानच होता. मुलानं विचारलं, “मग चांगले कोण होते?” आम्ही म्हटलं, पुस्तकं जपणारे. आपल्या मुलांना अंदालुसियाची गोष्ट सांगताना नुसते उसासे टाकू नयेत, हा हिशेबही सांगावा, असं आम्हाला वाटतं.

शेवटी निर्णय अम्मींनीच केला. एका रात्री त्यांनी अब्बांचं ‘बाल-ए-जिब्रील’ मागून घेतलं. समासात अब्बांनी पेन्सिलीनं मुलांसाठी शब्दार्थ लिहिले होते. अम्मींनी बराच वेळ ती पानं नुसती उलटली. सकाळी म्हणाल्या, “कुर्तुब्याला जाऊ. नमाज खोलीत पढेन, जमीन तर सगळी अल्लाहचीच आहे. तिथं मी त्यांच्या वतीनं फक्त बघून येईन.”

माद्रिदहून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत कुर्तुबा आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच मशिदीत गेलो. रविवार सोडून पहिला तासभर प्रवेश मोफत असतो, आणि गर्दी नसते हे त्याहून मोठं. आठशेहून जास्त खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. आठव्या शतकात पहिल्या अब्दुर्रहमाननं सुरू केलेलं काम दोनशे वर्षं वाढत गेलं. अम्मी मिहराबसमोरच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. पहारेकरी एकदा बघून गेला. अम्मींचे हात खालीच होते, ओठ मात्र हलत होते. आम्ही काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मुलानं फोनमधला किब्ला काढला आणि चक्रावला. मिहराब दक्षिणेकडे, आणि फोन जवळजवळ पूर्व दाखवतो! हे खरंच तसं आहे. अभ्यासक त्याची कारणं वेगवेगळी सांगतात. अम्मी हसून म्हणाल्या, “इतकी शतकं लोकांनी पढली, ती कबूल करणारा वर आहे.”

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चार शब्द. सोबत वयस्कर माणसं असतील तर कुर्तुबा निवडा. पाय धडधाकट असतील आणि अजान ऐकायची ओढ असेल तर गरनाता, पण अल्हम्राची तिकिटं आधी काढा आणि मगच रेल्वेची. मे महिन्यातही दुपारी ऊन कडक असतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर कुर्तुब्यात पारा चाळीशीपार जातो. खाण्याचं विचारून घ्या: ‘साल्मोरेखो’ हे टोमॅटोचं गार सूप छान, पण त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे पसरतात. ‘सिन खामोन’ म्हटलं की त्याशिवाय देतात. आणि मशिदीत नियम पाळा. तिथं वाद घालून पोरांना काही शिकवता येत नाही.

परतल्यावर अम्मींनी ते पुस्तक पुन्हा मागितलं. प्रवेशावेळी मिळालेला मशिदीचा नकाशा त्यांनी घडी करून त्या नज्मेच्या पानात ठेवला. गरनाता मुलासाठी राहिलं आहे. त्याचे गुडघे चांगले आहेत, इन्शाअल्लाह तो जाईल.