मिस्साला न येणाऱ्या मावशी



तापीकाठच्या झोपडपट्ट्या हलवून महापालिकेने आमच्या कोसाडला आवास उभे केले. पक्कं घर मिळालं, नळ घरात आला, चांगलंच झालं. पण नळावरची भांडणं गेली तसं नळावरचं बोलणंही गेलं.

आमच्या ओळखीच्या एक खानदेशी मावशी तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतात. जुन्या वस्तीत त्यांचा चहा कधी एकटीचा नसे. इथे आल्यावर झोप उडाली, जेवण तुटलं, मिस्साला येणंही बंद. लोक म्हणाले, श्रद्धा पातळ झाली. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू! घरी गेलो तेव्हा कळलं, गुडघे धरलेत आणि हात धरून जिना उतरवणारं कोणी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगात दर सहांपैकी एक माणूस एकाकी आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे. अशांना 'प्रार्थना करा' सांगून आपण मोकळे होतो. प्रार्थना हवीच, पण शेजारी बसून. त्रास वाढला तर डॉक्टरकडे न्यावं, टेलि-मानसच्या १४४१६ वर बोलावं. त्यात लाज कसली?

रविवारी मिस्सानंतर रिकाम्या जागा पाहाव्यात आणि त्याच दिवशी दोघांनी त्या घरी जावं. शेजारच्या हिंदू-मुसलमानांनाही सांगावं. जिन्यावर रोज तेच भेटतात. मावशींना आता खालच्या मजल्यावरची मुस्लिम मुलगी शनिवारी भाजीला घेऊन जाते.

– एक निवृत्त शिक्षक, कोसाड (सुरत)