पारख अठराव्या वर्षीची

नॅशनल हॉकी लीग अर्थात ‘एनएचएल’ ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिचा ‘ड्राफ्ट’, म्हणजे तरुण खेळाडूंची वार्षिक निवड, पार पडला. त्यात शिकागोने तिसऱ्या क्रमांकावर अँटन फ्रॉन्डेल या स्वीडिश आघाडीपटूला निवडले. त्याच्याच युरगार्डेन क्लबचा व्हिक्टर एकलुंड १६ व्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेला. दोघेही स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये वयाने मोठ्या खेळाडूंशी झुंजत होते. एकलुंडने ४२ सामन्यांत १९ गोल केले, तर फ्रॉन्डेलने २९ सामन्यांत ११. मग क्रमांकांत एवढी तफावत का?

आकडे याचे अर्धेच उत्तर देतात. गोल आणि गोलसाहाय्य एकत्र धरल्यास फ्रॉन्डेलचे २५ गुण होतात, एकलुंडचे ३१. म्हणजे दर सामन्यामागे फ्रॉन्डेल पुढे. शिवाय तो सात महिन्यांनी लहान, अंगापिंडाने भरदार आणि मध्यभागी खेळू शकणारा. अठराव्या वर्षी सात महिन्यांचे अंतर थोडे नसते.

संघांचे पारखी, म्हणजे ‘स्काऊट’, यांचे काम येथूनच अवघड होते. युरोपातील प्रचलित मैदान ३० मीटर रुंद. एनएचएलचे सुमारे २६ मीटर. स्वीडनमध्ये चकती घेऊन वळायला जी उसंत मिळते, ती तेथे प्रतिस्पर्ध्याचा खांदा हिरावून घेतो. त्यामुळे गोल किती झाले यापेक्षा ते कोठून झाले, कोणाविरुद्ध झाले आणि कमी जागेत त्या मुलाला काय सुचले, हे पाहावे लागते. कौशल्य डोळ्यांना दिसते. शरीर पुढे किती साथ देईल, याचा मात्र केवळ अंदाज बांधता येतो.

हा अंदाज किती चुकू शकतो, हे १९९९ च्या ड्राफ्टने दाखवून दिले. त्या वर्षी स्वीडनचे डॅनियल आणि हेन्रिक सेडिन हे जुळे भाऊ दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेले आणि पुढे त्यांनी ती निवड सार्थ ठरवली. त्याच ड्राफ्टमध्ये टिमरो क्लबचा हेन्रिक झेटरबर्ग मात्र थेट २१० व्या क्रमांकावर डेट्रॉइटच्या वाट्याला आला. डेट्रॉइटचे स्काऊट होकन अँडरसन खरे तर मॅटियास वाइनहांडल या दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते. तेथे चकती वारंवार या चणीने लहान मुलाकडेच येते, हे त्यांच्या नजरेत भरले. हाच झेटरबर्ग २००८ मध्ये स्टॅनले चषकाच्या लढतींतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१३ मध्ये संघाचा कर्णधार झाला आणि १,०८२ सामन्यांत ९६० गुण मिळवून थांबला.

ही कथा गुणग्राहकतेचा विजय म्हणून सांगितली जाते. पण ती निम्मीच खरी आहे. डेट्रॉइटने त्याच ड्राफ्टमध्ये झेटरबर्गच्या आधी तिघांना निवडले होते. त्यांतील पहिला, यारी टोल्सा, एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. झेटरबर्ग इतका मोठा होईल याची खात्री असती, तर डेट्रॉइटनेही सातव्या फेरीपर्यंत वाट पाहिली नसती.

डेट्रॉइटचे खरे श्रेय निवडीनंतरच्या संयमाला द्यावे लागेल. ड्राफ्टमुळे संघाला मिळतो तो करार करण्याचा हक्क; खेळाडूला लगेच मैदानात उतरवण्याची सक्ती नसते. झेटरबर्ग आणखी तीन मोसम टिमरोतच राहिला, २००२ मध्ये स्वीडनचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मगच अमेरिकेला गेला. घरच्या लीगमध्ये भरपूर वेळ खेळणे हे परक्या देशात बाकावर बसण्यापेक्षा मोलाचे ठरले. फ्रॉन्डेल आणि एकलुंड यांनीही २०२५-२६ चा मोसम स्वीडनमध्येच, युरगार्डेनकडून सुरू केला, ही समाधानाची बाब आहे.

ड्राफ्टचा क्रमांक हा निकाल नव्हे. तो त्या दिवशीचा एक अंदाज असतो. पण संघ त्यालाच निकाल मानू लागले, की तिसऱ्या क्रमांकाच्या मुलावर अपेक्षांचे ओझे पडते आणि २१० व्या क्रमांकाच्या मुलाकडे कोणी वळूनही पाहत नाही. नुकसान दोघांचेही होते. चूक अंदाजात होणारच. ती सुधारायला मुलाला अवधी दिला जातो की नाही, यावरच संघाची पारख ठरावी.