बैल डिझेल पीत नाही, म्हणून मोजला जात नाही



सरकार वाहतुकीचे गणित नवे करायला निघाले आहे. कोणत्या रस्त्यावर आज किती गाड्या धावतात, वीस वर्षांनी किती धावतील, रस्ता बांधला तर फायदा किती, हे काढणाऱ्या गणिताला ते 'मॉडेल' म्हणतात. कोणता रस्ता होणार आणि कोणता फायलीत कुजणार, हे ठरवताना हेच गणित पुढे करतात. म्हणून हा विषय इंजिनियरांचा आहे असे समजून सोडून देऊ नका.

आधी जुने गणित पाहू. रस्त्यांची मानके लिहिणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या पुस्तिकेत ग्रामीण रस्त्यावरील वाहनांना मोटारीच्या तुलनेत आकडे दिले आहेत. मोटार १, ट्रक किंवा एसटी ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार, बैलगाडी ८. लहान बैलगाडी असेल तर ६. आठ आकडा पाहून खूश होऊ नका. हा मान नव्हे, अडथळ्याचे माप आहे. एक बैलगाडी आठ मोटारींइतकी वाट अडवते, एवढेच तो सांगतो. त्या गाडीत घरादाराचे वर्षभराचे पीक भरले आहे, याला त्या आकड्यात जागा नाही.

आता फायद्याची बाजू. रस्ता परवडतो का हे पाहताना वाचलेले इंधन, टायरची झीज आणि प्रवाशांचा वाचलेला वेळ रुपयांत धरतात. वेळेची किंमत उत्पन्नावरून लावतात. म्हणून मोटारीत बसलेल्याचा तास महाग, एसटीत उभ्या असलेल्याचा स्वस्त. आणि डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन चिखल तुडवणाऱ्या बाईचा तास? ती मोजणीच्या ठिकाणापर्यंत पोचतच नाही, तर तिच्या तासाला किंमत कोण लावणार?

मोजणीचा मूळ नियम वाईट नाही. १९७२ चे मानक सांगते की वर्षातून दोनदा, सात-सात दिवस, रात्रंदिवस मोजा. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या ऐन हंगामात, एकदा मंदीच्या दिवसांत. प्रत्यक्षात प्रकल्प अहवाल करणारे सल्लागार पुष्कळदा एकाच आठवड्याची मोजणी करतात आणि हंगामाचा फरक पेट्रोल पंपावरच्या विक्रीवरून काढतात. डिझेल जास्त खपले तो महिना गर्दीचा! भावांनो, बैल डिझेल पीत नाही. तो कडबा खातो, आणि कडब्याची नोंद पंपावर होत नाही.

आता आधुनिकीकरण. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये आपल्याकडच्या मिश्र वाहतुकीचा अभ्यास करून नवी पुस्तिका तयार केली. परदेशी आकड्यांवर विसंबण्यापेक्षा हे चांगलेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती योजनेचा संगणकी नकाशा आला. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यांवर चारचाकींना फास्टॅग सक्तीचा झाला, आणि नाक्यावरची प्रत्येक गाडी क्षणात नोंदली जाऊ लागली. संगणक नवा आला, पण मोजायची जागा तीच राहिली: डांबरी रस्ता. आमचा माल डांबराला लागण्याआधीच अडतो.

कारण मातीत आहे. आमच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी धरून फुगते. त्या गुणावर कोरडवाहू कापूस आणि रब्बी ज्वारी उभी राहते. त्याच गुणाने पांदण रस्ता परतीच्या पावसात गाडी आसापर्यंत गिळतो. नेमकी तेव्हाच पहिली वेचणी असते. भिजलेला कापूस केंद्रावर नेला तर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की सरकारी खरेदी नाही. पांदणीचा चिखल असा थेट भावात उतरतो. हे नुकसान मॉडेलच्या कोणत्या रकान्यात धरले आहे?

साहेब म्हणतात, पांदणीवर वाहतूकच नाही, मग रस्ता कशाला? म्हणजे पाणी उपसले जात नाही म्हणून विहीर नामंजूर, आणि विहीर नाही म्हणून उपसा नाही! २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने सपाट भागात ५०० लोकवस्तीचा निकष लावला. गावे जोडली गेली, ते खरे. पण शेतात कोणी राहत नाही, म्हणून शेताची लोकसंख्या शून्य. २०२१ मध्ये राज्याने शेत-पांदण रस्त्यांची योजना काढली, तेही खरे. पण योजना ही मेहेरबानी असते. गणितात जागा मिळाली तर तो हक्क होतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. पांदणीच्या तोंडाशी मोजणी करा, आणि ती वेचणीच्या व सुगीच्या दिवसांत करा.

२. न पोचलेल्या, उशिरा पोचलेल्या आणि भिजलेल्या मालाचे नुकसान रस्त्याच्या फायद्यात धरा.

३. पायी चालणाऱ्याच्या आणि बैलगाडीवाल्याच्या तासाला मोटारवाल्याच्या तासाएवढाच भाव द्या.

४. रस्ता ज्या आकड्यांवर नाकारला ते आकडे मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा.

नव्या गणिताचे पुढारपण फक्त संगणकवाल्यांकडे राहिले तर जुनीच चूक अधिक वेगाने होईल. ते आपल्याकडे घेण्यासाठी अर्जविनंत्या पुरणार नाहीत, आकडे लागतील. या वेचणीला प्रत्येक गावाने सात दिवस पांदणीवर माणूस बसवावा. शाळेची वही पुरे. किती गाड्या गेल्या, किती रुतल्या, किती गाठोडी डोक्यावरून आली, डांबरापर्यंत किती वेळ लागला, सगळे लिहा. खाली ग्रामसभेचा ठराव जोडा. वह्या जिल्हा बैठकीत जमा करा. तिथून आम्ही त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू आणि विचारू: तुमच्या मॉडेलमध्ये हे कुठे बसते, दाखवा.