उजवीकडचे हृदय आणि आईवरचा बोल

हृदय डावीकडे असते, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु सुमारे दहा हजारांत एखादे मूल असे जन्मास येते की, त्याचे हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे आणि जठर उजवीकडे असते. जणू आरशातील प्रतिमाच. नुसती अशी अदलाबदल झाली असेल तर बहुधा काही बिघडत नाही. मात्र अशा व्यक्तींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास जन्मापासून खोकला, सतत वाहणारे नाक आणि वारंवार फुटणारे कान यांचाही त्रास असतो. घरातील वडीलधारी मंडळी मग पंचांग काढून बसतात आणि गरोदरपणी सुनेने ग्रहण पाळले नाही, असा निर्णय देऊन मोकळी होतात.

खरे कारण फार निराळे आहे. झुरिक येथील डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली उलटे अवयव, सायनसचा दाह आणि फुगलेल्या श्वासनलिका या तीन गोष्टी एकत्र आढळलेल्या रोग्यांचे वर्णन केले. छातीच्या विकाराचा हृदयाच्या जागेशी काय संबंध, हे कोडे मात्र पुढे त्रेचाळीस वर्षे सुटले नाही. १९७६ साली स्वीडनचे ब्योर्न अफझेलियस यांनी शुक्रजंतू हालत नसलेल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा शुक्रजंतूंच्या शेपटीत व श्वासनलिकेच्या अस्तरात एकच दोष दिसला. आपल्या श्वासमार्गाच्या आत केसांहून कितीतरी सूक्ष्म अशी लव असते. शास्त्रीय परिभाषेत तिला पक्ष्माभिका म्हणतात. शेतातील पीक वाऱ्याने डोलावे तशी ती अखंड डोलते आणि कफ, धूळ व जंतू वर घशाकडे लोटते. डायनीन नावाचे प्रथिन तिला हलविते. ते नसले की लव निश्चल होते आणि कफ छातीतच साचतो.

मग हृदयाचे काय? याचे उत्तर जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांच्या भ्रूणांवर दिले. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पृष्ठभागावरील एका खळग्यात अशीच लव भोवऱ्यासारखी फिरते आणि तेथील द्रव डावीकडे वाहतो, असे नोबुताका हिरोकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले. या प्रवाहावरूनच गर्भास आपली डावी बाजू कळते. २००२ मध्ये तर कृत्रिम प्रवाह उलट सोडून अवयवांची मांडणी उलटविण्यात आली. लव फिरलीच नाही, तर बाजू ठरते ती नाणे उडविल्याप्रमाणे. म्हणूनच या विकाराच्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे अवयव उलटे असतात आणि उरलेल्यांचे योग्य जागी. मानवात हे सारे गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पुष्कळदा आईस दिवस गेल्याची खात्रीही नसते तेव्हा घडते. तिने सुरी हाती धरली की नाही, याचा येथे काहीही संबंध नाही.

या विकारास कारण होणारी पन्नासाहून अधिक जनुके आजवर सापडली आहेत. त्यांपैकी बहुतेक अप्रभावी आहेत. म्हणजे सदोष प्रत आईकडून आणि वडिलांकडूनही यावी लागते. एकच प्रत असलेला मनुष्य निरोगी असतो. दोघेही असे वाहक असल्यास प्रत्येक गर्भास विकार होण्याचा संभव चारात एक असतो. बोल लावायचाच, तर तो दोन्ही घराण्यांना सारखाच लागेल!

येथे आपल्या मराठी रीतीकडे वळावे लागते. आम्ही राहतो ते दिल्लीतील मुनिरका मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे गाव. आपल्या गोत्रातील मुलगी तर राहोच, आईच्या गोत्रातीलही येथे चालत नाही. मामाची मुलगी सून म्हणून आणण्याची आपल्याकडील चाल ऐकून येथले शेजारी कानांवर हात ठेवतात. इरावती कर्वे यांनी उत्तरेतील व महाराष्ट्रातील हा भेद आपल्या लेखनात सविस्तर मांडला आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे अशा विवाहास वाव ठेवला आहे. समजा, आजोबांजवळ अशी एक सदोष प्रत आहे. त्यांच्या मुलाची मुलगी व मुलीचा मुलगा यांचा विवाह झाला, तर त्या एका प्रतीमुळे अपत्यास विकार होण्याचा संभव चौसष्टात एक येतो. परक्या घराण्यात हा धोका फारच अल्प असतो. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे, नात्यात विवाह करणाऱ्या दक्षिण आशियाई समाजात, सुमारे २,२६५ व्यक्तींमागे एक रोगी आढळला. आम्ही ही चाल वाईट म्हणत नाही. तिच्यामुळे पुष्कळ सुनांना सासरी माया मिळाली आहे. पण घराण्यात एखादे असे मूल असेल, तर पुढील सोयरीक जुळविण्यापूर्वी आनुवंशिकीच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

हिवाळ्यात दिल्लीच्या धुरकट हवेत सगळेच खोकतात, त्यामुळे बारमाही खोकणारे मूल लक्षातही येत नाही. पूर्ण दिवसांचे असूनही जन्मताच ज्याला प्राणवायू द्यावा लागला आणि ज्याचा ओला खोकला कोणत्याच ऋतूत थांबत नाही, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना ‘प्रायमरी सिलियरी डिस्किनेसिया’विषयी विचारावे. नाकाच्या अस्तराची व जनुकांची तपासणी करता येते. लव पुन्हा हलती करणारे औषध नाही. परंतु रोज छातीतील कफ काढण्याचे व्यायाम, वेळीच प्रतिजैविके, सर्व लसी आणि घरात धूम्रपानास बंदी यांनी फुप्फुसे पुष्कळ वर्षे जपता येतात. अवयव उलटे असल्यास तशी चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवावी, कारण त्याचे आंत्रपुच्छ सुजले तर पोट डावीकडे दुखेल.