मात्रा मोजता आल्या नाहीत तरी चालतं

‘येस’ या इंग्लिश बँडचा ‘क्लोज टू दी एज’ मला पहिल्यांदा ऐकवला हॉस्टेलमधल्या एका सीनियरने. ऐकवला कसला, तोंडी परीक्षाच घेतली. “मात्रा मोजता येतायत का? नाही ना? मग तुला हे झेपणार नाही.” पुढची चार वर्षं मी त्या अल्बमच्या वाटेला गेलो नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉकला पंकने मारलं, असं म्हणतात. मला विचाराल तर जास्त नुकसान त्याच्या भक्तांनी केलं. “आजच्या पोरांकडे संयम नाही” ही त्यांची लाडकी तक्रार. साफ खोटी! एका रात्रीत सिरीजचा अख्खा सीझन संपवणाऱ्यांना जेमतेम 19 मिनिटांचं गाणं जड जाईल? जड जातो तो दारावरचा पहारा.

आणि ज्या अखंडतेची हे लोक पूजा मांडतात, ती घडली कशी? 1972 साली लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत हे शीर्षकगीत तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड झालं. एडी ऑफर्डने टेप कापून-जोडून ते उभं केलं. म्हणजे एका दमात ते वाजवलेलंच नाही. या रेंगाळत्या कामाला ड्रमर बिल ब्रुफर्ड इतका वैतागला, की अल्बम संपताच किंग क्रिमझनमध्ये निघून गेला. देवळातली मूर्ती नव्हे ही. पाच जणांनी भांडत, घासाघीस करत केलेली वस्तू आहे.

मग तुकड्यांतच ऐकायचं का? नाही. सलगच ऐका, पण धाकापोटी नको. सुरुवातीला पक्षी, पाणी, मग अंगावर येणारा गिटारचा गोंधळ. तो सोसला, की मधला संथ भाग पोटात उतरतो आणि रिक वेकमनचा चर्च ऑर्गन छप्पर उडवतो. थेट ऑर्गनवर उडी मारलीत, तर हाती नुसता मोठा आवाज लागेल.

मला ते कळलं भांडी घासताना. प्लेलिस्टमध्ये चुकून लागलं होतं, हात साबणाचे म्हणून बदलता आलं नाही. ऑर्गन आला तेव्हा मी नळ बंद करून तसाच उभा राहिलो.

मात्रा अजूनही मोजता येत नाहीत. चार वर्षं मात्र फुकट गेली, त्याचा राग आहे. तुमची घालवू नका.